काकाची पाठ

मित्रांनो, हे मी गिरणीत बसून लिहितोय. पेणच्या बाजूला पोह्यांची गिरणी आहे, तिथं मी रात्रपाळीला असतो. भात भिजतो, भट्टीत भाजतो, मशीनच्या चाकाखाली चेपतो, त्याचे पोहे होतात. दोन घाण्यांच्या मधे जरा वेळ मिळतो, त्यात मी कविता लिहितो. शिक्षण नववी नापास. बाकीचं वाचनालयानं आणि जयंतीच्या स्टेजनं शिकवलं. आज कविता नाही. आज माझ्या काकाबद्दल लिहायचंय, आणि माझ्या एका चुकीबद्दल.

काका म्हणजे माझ्या बापाचा धाकटा भाऊ. आमचा बौद्धवाडा अलिबाग तालुक्यात, खाडीच्या काठाला. वाड्यात दरवर्षी १४ एप्रिलला नाटक व्हायचं, महाडच्या चवदार तळ्याचं. ते कुणा लेखकानं लिहिलेलं नाही. वाड्यातल्या माणसांनी शाळेच्या वहीत लिहिलं आणि दरवर्षी त्यात चार ओळी वाढवल्या. महाड आमच्याच जिल्ह्यात. २० मार्च १९२७ ला बाबासाहेबांनी तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं तेव्हा ह्याला कुलाबा जिल्हा म्हणत. रायगड हे नाव १९८१ सालचं.

काका बाबासाहेब व्हायचा. मुंबईच्या जुन्या बाजारातनं आणलेला निळा कोट, गोल चष्मा, हातात पुस्तक. दिवसभर गोण्या वाहणारा माणूस, पण स्टेजवर आला की त्याचा खांदा सरळ व्हायचा. घमेल्यातल्या पाण्यात हात घालायच्या आधी तो थांबायचा. किती वेळ? मी एकदा मोजलं, वीस आकडे झाले. वीस आकडे वाड्यात पोर रडायचं नाही. मग ओंजळ वर यायची आणि म्हाताऱ्या बाया उठून उभ्या राहायच्या. मी पुढं फोनवर कितीएक सिनेमे बघितले. असं थांबणारे नट थोडे बघितले.

मी दहा वर्षांचा असताना मुरूडच्या बाजूला समुद्रावर एका सिनेमाचं शूटिंग लागलं. राजेरजवाड्यांचा सिनेमा. गर्दीला माणसं पाहिजे होती, रोज साडेतीनशे रुपये आणि जेवण. काका गेला. त्याला वाटलं, एकदा बघतील तर विचारतील. तिथं एका माणसानं त्याला रांगेतनं बाहेर काढलं, वरखाली बघितलं, आणि पालखीपुढं वाकून उभं राहायला सांगितलं. काकानं तोंड वर केलं तसा तो ओरडला, "चेहरा नको, पाठ दाखव. अजून वाक." तीन दिवस काका वाकून उभा होता.

सिनेमा अलिबागला लागला तेव्हा आम्ही तेरा जण टेम्पोनं गेलो. काकानं सगळ्यांची तिकिटं काढली. तीन दिवसांची कमाई तिकिटांत आणि टेम्पोत गेली. पडद्यावर पालखी आली आणि गेली. आम्हाला काही कळलं नाही. पण आजी मोठ्यांदा ओरडली, "त्यो बघ, माजा लेक!" सगळं थेटर हसलं. आजीनं पाठ ओळखली होती. त्या पाठीला तिनं तेल चोळलेलं होतं.

त्यानंतर काका कधी शूटिंगला गेला नाही. आता तो समुद्राकाठच्या एका बंगल्यावर वॉचमन आहे. बंगला मुंबईच्या मोठ्या माणसाचा. अलिबागच्या किनाऱ्यावर नटांचे बंगले आहेत, हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. त्या बंगल्यांच्या फाटकावर, बागेत, मोरीत कोण आहे, ते आपल्याला माहीत आहे.

कुणी म्हणेल, नशीब. किनाऱ्यावरनं मुंबई लांब. मी म्हणतो, मुंबई लांब नाही. नाना पाटेकर १९५१ साली मुरूड-जंजिऱ्यालाच जन्मला. जे. जे. त शिकला, नाटकात राबला, मोठा झाला. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. मला एवढंच विचारायचंय, की त्याच मुरूडच्या वाळूवर माझ्या काकाची पाठच का दिसली?

हा प्रश्न जुना आहे. महाडच्या सत्याग्रहाच्या आगेमागेच तिकडं केरळात पी. के. रोझी नावाची एक दलित बाई मल्याळी सिनेमाची पहिली नायिका झाली. सिनेमाचं नाव 'विगतकुमारन'. तिनं सवर्ण नायर बाईची भूमिका केली म्हणून लोक खवळले. तिला गाव सोडून पळावं लागलं. पुन्हा ती पडद्यावर आली नाही. पहिली नायिका, आणि पहिल्याच सिनेमात संपली.

आता दिवस बदललेत, हे मी मानतो. २०१४ साली 'फँड्री' आला. करमाळा तालुक्यातल्या केमचा सोमनाथ अवघडे, कधी कॅमेऱ्यापुढं न गेलेला पोरगा, जब्या झाला. शेवटी त्यानं भिरकावलेला दगड थेट आपल्या कपाळावर येतो. त्याला बालकलाकाराचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं. त्या वर्षी आम्ही पोरांनी त्याचा फोटो फोनवर लावला होता. मग? २०२१ ला त्याचा 'फ्री हिट दणका' आला. आपल्यातल्या किती जणांनी बघितला? मी नाही बघितला. २०२२ ला 'झुंड' आला. नागपूरच्या अंकुश गेडामनं त्यात डॉन केला. समोर अमिताभ बच्चन, तरी पोरगा दबला नाही. नव्या नटाचं फिल्मफेअरही त्यानं मिळवलं. आपण टाळ्या वाजवल्या आणि घरी गेलो.

ह्या सिनेमांशी माझं भांडण नाही. करणारे आपल्या जिवाची माणसं आहेत. माझं भांडण त्यापुढच्या गोष्टीशी आहे. आपल्या पोराला एकदा आपलंच दुःख करून दाखवायला बोलावतात. दाखवून झालं की पुढं डॉक्टर, वकील, प्रेमात पडलेला साधा नायक, हे कोण करणार? तिथं पुन्हा चेहरा आडवा येतो.

वीरा साथीदारांचं मात्र वेगळं. नागपूरचा चळवळीतला माणूस, 'विद्रोही'चा संपादक. आधी कधी सिनेमात काम केलेलं नाही. चैतन्य ताम्हाणेच्या 'कोर्ट'मध्ये ते लोकशाहीर नारायण कांबळे झाले. त्या सिनेमाला व्हेनिसला बक्षीस मिळालं, देशात सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१५ साली भारतानं तोच ऑस्करला पाठवला. दुसरा कुणी असता तर मुंबईला खोली घेऊन बसला असता. साथीदार चळवळीतच राहिले. १३ एप्रिल २०२१ ला कोरोनानं गेले, जयंतीच्या आदल्या दिवशी. ते स्टार झाले नाहीत असं मी म्हणणार नाही. त्यांनी ते मोजमापच धरलं नाही.

पण हे मोठं मन माझ्या काकाकडून मागायचा मला काय अधिकार? साथीदारांच्या पाठीशी चळवळ होती. काकाच्या पाठीशी आम्ही होतो. आणि आम्ही काय केलं, ते आता सांगतो.

ह्या वर्षी फेब्रुवारीत जयंती मंडळाची मीटिंग झाली. वर्गणी कमी. नाटक की डीजे, असा विषय निघाला. पोरं म्हणाली, नाटक जुनं झालं, कोण बघतो. शेजारच्या गावात मोठा डीजे येणार होता. हात वर करायला सांगितलं. डीजेच्या बाजूनं मीपण हात वर केला. मी, कविता लिहिणारा. सगळ्यांचे हात वर होते, म्हणून माझा गेला.

दुसऱ्या दिवशी काका बंगल्यावरनं सुटून सरळ माझ्याकडं आला.

"तालीम कधीपासनं रं?"

मी खाली बघून सांगितलं. हात वर केल्याचंही सांगितलं. काका चिडला असता तर बरं झालं असतं. तो थोडा वेळ गप्प राहिला. स्टेजवर थांबायचा तसाच.

"बरं," तो बोलला. "मग तो कोट जरा उन्हात टाक. कसर लागंल. पुढच्या साली कुणाला लागला तर?"

१४ एप्रिलला डीजे वाजला. काका ड्युटीवर होता.

मित्रांनो, मुंबईवाल्यांनी काकाची पाठ दाखवली म्हणून मी इतकी वर्षं शिव्या दिल्या. आम्ही तर पाठही दाखवली नाही. प्रस्थापितांना जाब विचारायचाच, त्यात कसूर नको. पण आपल्या वाड्यात समाजमंदिर आहे, वर्गणी आहे, स्टेज आहे. तिथं आपला माणूस का उभा राहत नाही, ह्याचा जाब कुणाला विचारायचा?

पुढच्या मीटिंगला मी माझा हात परत घेणार आहे. एकट्याचा असला तरी. वही माझ्याकडं आहे, कोट उन्हात घालून ठेवलाय. दिवाळीनंतर रविवारी रात्री समाजमंदिरात तालीम धरायची आहे. ज्यांच्या वाड्यात असा कुणी काका, मामा, मावशी असेल, त्यांनी त्यांना घेऊन यावं. यायला रात्रीची एसटी आहे. राहायची सोय आमच्याकडं.

जयभीम.