ओळींची शिस्त

लिहिणारा एकटा असला, तर ओळ कोठें तोडावी हा त्याच्या आवडीचा प्रश्न असतो. लिहिणारे दहा झाले कीं तोच प्रश्न कलहाचा होतो. संगणकाचे प्रोग्राम रचणाऱ्या आम्हां मंडळींस हा अनुभव नित्याचा आहे. त्यांतून एकाच कामांत पायथॉन, जावा आणि गो अशा तीन भाषा नांदत असल्या म्हणजे तर विचारावयासच नको! पायथॉनची ओळ चार मोकळ्या जागा सोडून आंत घ्यावी, असा संकेत २००१ सालच्या 'पेप ८' या नियमपत्रानें घालून दिला. गो भाषेचें 'गोफम्ट' हें साधन तेथें टॅब घालतें. फंक्शनच्या नांवांतले शब्द पायथॉनमध्यें खालच्या रेघेनें जोडतात, तर जावामध्यें पुढच्या शब्दाचें पहिलें अक्षर मोठें लिहितात. एवढ्यावरून चांगल्या शहाण्या माणसांनीं दोन दोन दिवस अबोला धरलेला आम्हीं पाहिला आहे. मग कोणीतरी वैतागून म्हणतो, "सर्व भाषांस एकच नियम लावून टाका!"

हा आग्रह आम्हांस मान्य नाहीं. अनेक भाषा एका कामीं कशा लावाव्या, याचा दाखला आमच्या पैठणासच सांपडतो. पैठण म्हणजे सातवाहनांचें प्रतिष्ठान. त्या राजांच्या कांहीं रुप्याच्या नाण्यांवर एका बाजूस प्राकृत लेख आहे आणि दुसऱ्या बाजूस द्राविडी भाषेंतला. राजा तोच, अर्थ तोच. पण नांवास लागलेला प्रत्यय ज्या त्या भाषेचा. एकीचा प्रत्यय दुसरीवर लादला असता, तर नाण्याची ती बाजू अशुद्ध झाली असती. म्हणून प्रत्येक भाषेची रूढ रीत तिला असूं द्यावी. मात्र ती एकदां लिहून ठेवावी आणि सर्वांनीं पाळावी. 'एडिटरकॉन्फिग' नांवाच्या लहानशा फाइलींत टॅब, मोकळ्या जागा यांचे नियम भाषावार लिहितां येतात, आणि निम्मा तंटा तेथेंच मिटतो.

दुसरा धडा त्याच गांवच्या एकनाथांचा. शके १५०६, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, त्यांनीं ज्ञानेश्वरीची पाठशुद्धि केली. नाथ स्वतः थोर कवि. तरीहि या ग्रंथांत कोणीं आपली ओवी घालूं नये, असें त्यांनीं निक्षून बजाविलें.

आमच्या धंद्यांत हा मोह फार. दुसऱ्याच्या ओळी नीटनेटक्या करतां करतां मनुष्य हळूच एखादी अट बदलून ठेवतो. शेंकडों ओळी हललेल्या दिसतात, आणि खरा बदल तपासणाऱ्याच्या नजरेंतून निसटतो. उद्यां त्यामुळें कोणाच्या पगाराचा हिशेब चुकला, तर दोष शोधावा कोठें? यास्तव मांडणीची दुरुस्ती निराळी नोंदवावी, अर्थाची निराळी. अशा नियमांनीं प्रतिभा कोंडते, अशी तक्रार तरुण मंडळी करतात. नाथांची कोंडली नव्हती.