पाय टेबलाखाली

आम्ही चिखली तालुक्यातले. आषाढीहून परतणारी गजानन महाराजांची पालखी खामगावहून शेगावला निघते, तेव्हा नाना एसटीने खामगाव गाठायचे आणि पुढचे 17 किलोमीटर पायी चालायचे. तीन वर्षांपूर्वी मात्र अर्ध्या वाटेत खाली बसले. "पोटरीत गोळा आला रे." पाच मिनिटं टेकले की जायचा, थोडं चाललं की परत.

पुढचं वर्षभर ओपीडीच्या चकरा झाल्या. बाहेर रांग, आत दोन मिनिटं. नाना स्टुलावर, पाय टेबलाखाली. साखरेची गोळी, मुंग्यांची गोळी, एकदा कमरेचा एक्स-रे. चप्पल काढायला कुणी सांगितलंच नाही, आणि मलाही सुचलं नाही. ते अजून सलतं.

अंगठ्याची जखम महिनाभर भरेना, तेव्हा संभाजीनगरला नेलं. तिथेही ओपीडीच, गर्दीही तेवढीच. पण सिस्टरने आधी नानांना आडवं केलं आणि पावलांवर बोटं टेकवून नाडी शोधली. उजवीकडे लगेच लागली. डावीकडे बोटं नुसती सरकत राहिली. मग बीपीचा पट्टा घोट्यावर बांधून, जेल लावून पेनाएवढं डॉपलर टेकवलं. उजव्या पायात ठोके खणखणीत, डाव्यात नुसती सूं सूं. दंडाचा दाब 150, डाव्या घोट्याचा 80. भागाकार 0.9 च्या खाली आला की धमनी तुंबल्याचं धरतात, नानांचा 0.53 होता. सगळं मिळून पंधरा मिनिटं. हे तालुक्याला का होऊ नये?

अँजिओप्लास्टी डे-केअरमध्येच झाली. जांघेतून तार घालून फुगा फुगवला, संध्याकाळी सुट्टी. शहरातल्या माणसाला ही सोय चांगली. आमचं घर साडेतीन तासांवर. टोचलेल्या जागेतून रक्त यायला लागलं तर रात्री देऊळगाव राजाच्या रस्त्यावर काय करणार? दवाखान्याजवळच लॉज घेतला. रात्रभर उठून टॉर्चने पट्टी बघत होतो.

आता बिडी बंद आहे. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा निघायचं, असं अर्धा तास. मी घड्याळ घेऊन सोबत असतो. वेशीपर्यंत न थांबता जातात.

परवा साखर दाखवायला जुन्याच ओपीडीत गेलो. आत शिरताच मी नानांची चप्पल काढली आणि पाय उचलून दुसऱ्या स्टुलावर ठेवला. डॉक्टर क्षणभर थांबले, मग वाकून त्यांनी पावलावर दोन बोटं टेकवली.