बोटांना कळलेला कॅमेरा

पुणे,
वैशाख वद्य एकादशी

चि. सईस,


तुझं पत्र पोचलं. कॅनन १५००डी घेतलास हे छान केलंस. यंदा वारीत चालायचं, फोटो काढायचे, पण एवढी बटणं तोवर शिकून होतील का, असं विचारलं आहेस. माऊलींची पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून निघते. म्हणजे महिनाभराला थोडंच कमी. तेवढा वेळ पुरेसा आहे, कारण सगळी बटणं तुला लागणारच नाहीत. पाच-सहा शीक, पण डोळा व्ह्यूफाइंडरला असताना बोट न चाचपडता तिथं जाईल, इतकी पक्की शीक. वारीत समोरचं माणूस थांबत नाही. तू मान खाली घालून बटण शोधशील तेवढ्यात दिंडी पुढे गेलेली असेल.

आधी एक गोष्ट नीट लक्षात घे. मोबाईलच्या पडद्यावर जे दिसतं, साधारण तसाच फोटो येतो. तुझ्या कॅमेऱ्यात तसं नाही. लेन्समधून आलेला प्रकाश आतल्या आरशावर आपटून वर तुझ्या डोळ्यापर्यंत येतो. सेटिंग कितीही चुकलेलं असलं तरी तुला दृश्य लख्खच दिसणार. फोटो काळा येणार की पांढरा फटक, हे त्या दृश्यावरून कळत नाही. ते व्ह्यूफाइंडरच्या तळाशी असलेल्या आकड्यांवरून आणि मोजपट्टीवरून कळतं. म्हणून दृश्यासोबत ती खालची ओळ वाचायची सवय पहिल्या दिवसापासून लाव.

ते आकडे स्वच्छ दिसावेत म्हणून व्ह्यूफाइंडरच्या कडेला एक बारीक चाक आहे. ते फोटोसाठी नसून तुझ्या डोळ्यासाठी आहे. आतले फोकसचे ठिपके रेखीव दिसेपर्यंत ते फिरव. पुष्कळ जण हे चाक वर्षानुवर्षं फिरवत नाहीत आणि लेन्सला दोष देत राहतात.

आता वरची मोठी डायल. ती हिरव्या ऑटोवरून काढ आणि ‘एव्ही’वर ठेव. ऑटोमध्ये सगळे निर्णय कॅमेरा घेतो. उजेड कमी वाटला की स्वतःच फ्लॅश वर काढतो आणि पहाटे काकड्याला उभ्या असलेल्या म्हातारीच्या डोळ्यांवर झोत टाकतो. तो निर्णय तुझा असायला हवा. ‘एव्ही’मध्ये अ‍ॅपर्चर (लेन्सचं छिद्र किती उघडायचं ते) तू ठरवतेस, शटर स्पीड कॅमेरा जुळवून घेतो. ‘टीव्ही’मध्ये उलट: शटर तुझं, अ‍ॅपर्चर त्याचं. रिंगणातले धावणारे अश्व टिपायचे तर ‘टीव्ही’वर जा आणि १/१००० ठेव.

फोटोचा उजेड तीनच गोष्टींवर ठरतो: अ‍ॅपर्चर, शटर आणि आयएसओ. तिघांची पायरी सारखीच आहे, हे कळलं की अर्धं काम झालं. शटर १/१२५ वरून १/२५० केलंस की प्रकाश निम्मा. अ‍ॅपर्चर ५.६ वरून ८ केलंस की पुन्हा निम्मा. आयएसओ २०० वरून ४०० केलंस की संवेदनशीलता दुप्पट. म्हणजे एफ/५.६, १/२५० आणि आयएसओ २०० यांनी जेवढा उजळ फोटो येतो, तेवढाच एफ/८, १/२५० आणि आयएसओ ४०० यांनीही येतो. उजेड तोच, पण दुसऱ्या फोटोत मागचा घाट जास्त रेखीव दिसेल आणि दाणेही किंचित वाढतील. शटर आणि अ‍ॅपर्चर बदलताना शटरच्या बटणामागच्या छोट्या डायलचे तीन खटके म्हणजे एक पूर्ण पायरी; आयएसओ मात्र एका खटक्यालाच पूर्ण पायरी सरकतो. खटके मोजायला शिकलीस की किती बदल केलास हे आकडे न बघताही कळतं.

कॅमेऱ्यासोबत आलेल्या किट लेन्सची मर्यादाही माहीत असू दे. १८ मिमीला तिचं अ‍ॅपर्चर ३.५ पर्यंत उघडतं, ५५ ला जेमतेम ५.६ पर्यंत. म्हणजे झूम केलंस की आत येणारा प्रकाश अडीच पटीने घटतो. त्यातच ५५ ला हात हलण्याचा परिणाम जास्त दिसतो, तेव्हा शटर १/१०० च्या खाली जाऊ देऊ नकोस. लेन्सवरचा स्टॅबिलायझर तुझ्या हाताचा कंप सावरतो, पण टाळ वाजवणाऱ्याचे हात तो थांबवू शकत नाही. संध्याकाळी मुक्कामावर लांबून झूम करण्यापेक्षा चार पावलं पुढे जा आणि लेन्स १८ कडे ठेव. आयएसओ १६०० किंवा ३२०० करायला भिऊ नकोस. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाचं बटण. पडद्याच्या उजवीकडे, अंगठ्यापाशी, अधिक-उण्याची खूण असलेलं. ते दाबून धरून छोटी डायल फिरवली की फोटो उजळ किंवा गडद करता येतो. त्याची गरज का पडते, हे घरीच बघ. माजघरातला काळा पाटा आणि एक पांढरा पंचा खिडकीच्या उजेडात शेजारी शेजारी ठेव. आधी क्यू बटणाच्या पडद्यावर जाऊन ‘ऑटो लायटिंग ऑप्टिमायझर’ बंद कर, कारण तो मागाहून उजेड सावरतो आणि प्रयोग झाकून टाकतो. आता एकदा फक्त पंच्याने चौकट भर आणि फोटो काढ. फोकस काठावर धर, कोऱ्या कापडावर तो लागणार नाही. मग फक्त पाट्याने चौकट भर. त्याला टाकी लावलेली असते, त्या खाचांवर फोकस झटकन बसतो. दोन्ही फोटो शेजारी ठेवून पाहा. पंचा मळकट करडा आणि पाटाही धुवट करडा.

कॅमेऱ्याचं मीटर बिघडलेलं नाही. समोर काय आहे हे त्याला ठाऊकच नसतं. समोरचं दृश्य साधारण १८ टक्के प्रकाश परावर्तित करतं, अशा मध्यम करड्या रंगाचा हिशेब धरून ते चालतं. पांढरं दिसलं की त्याला वाटतं उजेड फार झाला, म्हणून ते फोटो काळवंडून टाकतं. काळं दिसलं की उजळवतं. आता पंच्याला अधिक दीड-पावणेदोन पायऱ्या दे आणि पाट्याला उणे एक-सव्वा. पंचा पांढरा होईल, पाटा काळा. मग दिवेघाट डोळ्यांसमोर आण. हजारो पांढरी धोतरं, सदरे, टोप्या, वर ज्येष्ठाचं ढगाळ पण चकचकीत आभाळ. मीटर सगळं करडं करणार आणि माणसांचे चेहरे अंधारात जाणार. तिथं अधिकच्या बाजूला जायचं. उलट ओल्या काळ्या कातळासमोर, किंवा देवळाच्या काळ्या दगडी खांबांपुढे उण्याकडे. वारीचा पांढरा आणि सह्याद्रीचा काळा हे दोन्ही कॅमेऱ्याला आपणहून कळत नाहीत. ते तू सांगायचं असतं आणि सांगायला हे एक बटण आहे.

खात्री करायला फोटो बघताना ‘डिस्प’ दाब म्हणजे हिस्टोग्राम दिसेल. पांढऱ्या कपड्यांवर एखादा भाग लुकलुकला तर तिथला तपशील जळाला असं समज आणि एक-दोन खटके मागे ये. पडद्याच्या उजेडावर विश्वास ठेवू नकोस, उन्हात तो फसवतो. फोटो रॉ आणि जेपेग दोन्ही ठेव. जेपेग लगेच घरच्यांना पाठवायला होतो, रॉमध्ये नंतर सुधारायला वाव राहतो.

फोकसचं थोडक्यात सांगते. तुझ्या कॅमेऱ्यात नऊ ठिपके आहेत. सगळे चालू ठेवलेस तर कॅमेरा बहुधा सगळ्यात जवळचं धरतो, म्हणजे चेहरा सोडून पुढची पताका. मधला ठिपका सगळ्यात तीक्ष्ण आहे, तोच निवड. डोळ्यावर ठेव, शटर अर्धं दाब, मग दाब न सोडता चौकट हवी तशी हलव आणि पूर्ण दाब. हे ‘वन शॉट’वर जमतं. चालती दिंडी किंवा अश्व असतील तर ‘एआय सर्व्हो’ लाव, तो हलत्या माणसामागे फोकस नेत राहतो. व्हाइट बॅलन्स ऑटोवर राहिला तरी रॉमुळे अडत नाही. पण मुक्कामावरच्या दिव्याचा पिवळेपणा ठेवायचा असेल तर सूर्याची खूण निवड, नाहीतर कॅमेरा तो बराचसा पुसून टाकेल.

होमाई व्यारावाला मुंबईत जे. जे.ला शिकल्या आणि पुढे दिल्लीत देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार म्हणून नावाजल्या. त्यांच्या हातात जड ‘स्पीड ग्राफिक’ असे. त्यात प्रत्येक फोटोला अ‍ॅपर्चर, शटर, फोकस सगळं हातानं लावायचं आणि फिल्म बदलायची. नेत्यांच्या गर्दीत, साडी सावरत, त्यांनी ऐन क्षण पकडले, कारण कॅमेरा त्यांच्या बोटांना पाठ होता आणि डोळे माणसांवर मोकळे होते. १५००डी त्यामानाने फार सोपा आहे. रोज संध्याकाळी अर्धा तास डोळे मिटून बस: आयएसओ वरच्या बाणावर, ड्राइव्ह डावीकडे, फोकस उजवीकडे, व्हाइट बॅलन्स खाली. बोटांनाच विचारत राहा.

पावसाचंही बघ. या कॅमेऱ्याला पाण्यापासून संरक्षण नाही. जाड प्लॅस्टिकची पिशवी, लेन्सपुरतं भोक आणि रबर एवढं पुरतं. चालताना लेन्स बदलू नकोस. घरी आल्यावर ओलसर बॅगेत कॅमेरा तसाच ठेवलास तर लेन्सला बुरशी धरते. हवाबंद डबा आणि सिलिका जेल आत्ताच आणून ठेव. जवळून फोटो काढताना आधी नजरेनं विचार, आणि कुणी नको म्हटलं तर राम कृष्ण हरी म्हणून पुढे चाल.

जाण्याआधी वाचनालयातून संदेश भंडारे यांचं ‘वारी : एक आनंदयात्रा’ आण आणि सावकाश बघ. कॅमेऱ्यासोबत आलेली पुस्तिकाही एकदा पूर्ण वाच, तिचा कंटाळा करू नकोस. वारीहून परत आलीस की सगळे फोटो घेऊन माझ्याकडे ये, बिघडलेले एकही न पुसता. आपण आधी त्यांच्यावरच बोलू.

तुझी,
आत्या