विभाजक न सापडताही

संपादकांची अट एकच होती: सूत्रं नकोत. म्हणून संख्याच लिहितो. १४,७५,७३,९५,२५,८९,६७,६४,१२,९२७. एकवीस आकडी. २ चा ६७ वा घात करून १ वजा केला की ही मिळते. मेर्सेन या फ्रेंच धर्मगुरूने १६४४ साली ती मूळसंख्या असल्याचं छापलं. ती मूळसंख्या नाही.

हे गणितज्ञ ल्युकाने १८७६ साली सिद्ध केलं, तेही एकही विभाजक हाती नसताना. इथेच ऐकणाऱ्याच्या कपाळाला आठी पडते. कशाने भाग जातो ते माहीत नाही, मग जातो हे कशावरून? याच जातीची छोटी संख्या घ्या: ३१, म्हणजे २ चा ५ वा घात वजा १. ४ पासून निघा. वर्ग करा, २ वजा करा, ३१ ने भागून बाकी ठेवा: १४. पुन्हा तेच: १९४, बाकी ८. पुन्हा: ६२, बाकी शून्य. घातांकाहून दोन कमी, म्हणजे तीन पायऱ्यांनंतर शून्य आलं तर मूळसंख्या, नाही तर नाही. आपल्या संख्येला ६५ पायऱ्या लागतात आणि शेवटी शून्य येत नाही. (हे सुटसुटीत रूप पुढे गणितज्ञ लेहमरने दिलं. सूत्र एकही लिहिलेलं नाही, याची नोंद घ्यावी.)

लोकांचा लाडका मात्र गणितज्ञ कोल. १९०३ साली न्यूयॉर्कच्या सभेत त्याने अवाक्षर न काढता फळ्यावर १९,३७,०७,७२१ आणि ७,६१,८३,८२,५७,२८७ यांचा गुणाकार करून हीच संख्या काढली, टाळ्या पडल्या आणि या शोधात तीन वर्षांचे रविवार खर्ची पडले होते, असं गणितज्ञांची चरित्रं लिहिणारा बेल सांगतो. बेल गोष्टी रंगवण्यात पटाईत. विभाजक कसा हवा, हे कोणी विचारत नाही. त्याला १३४ ने भागल्यावर बाकी १ उरली पाहिजे, ८ ने भागल्यावर १ किंवा ७. एवढी चाळण लावूनही धाकट्या विभाजकापर्यंत सात लाखांवर उमेदवार उरतात. कोलने आणखी बारीक चाळणी लावली, हे त्याचं खरं कर्तृत्व. त्याचं उत्तर शाळकरी मुलालाही ताडून पाहता येतं, हेही कबूल. पण निकाल १८७६ सालीच लागला होता, असं मी सांगत आलो आहे आणि दरवेळी समोरून टाळ्यांचीच गोष्ट ऐकत आलो आहे.

निकाल लागणं आणि विभाजक सापडणं यांतली ही गल्लत साधी नाही. २००२ साली कानपूरच्या आयआयटीत अग्रवाल, कयाल आणि सक्सेना यांनी मूळसंख्या ओळखण्याची जलद पद्धत सिद्ध केली, तेव्हा ओळखीच्यांनी मला विचारलं, आता बँकांचे संकेत फुटणार का? संकेत टिकतात ते विभाजक शोधणं अवघड आहे म्हणून. संख्या मूळ आहे की नाही हे ओळखणं वेगळं काम, आणि कितीतरी सोपं.

पटत नसेल तर २ चा १२७७ वा घात वजा १ घ्या. ३८५ आकडी संख्या. ती मूळसंख्या नाही, हे सिद्ध आहे. तिचा १ आणि ती स्वतः सोडून एकही विभाजक अजून कोणाला सापडलेला नाही.