मला आवडलेली तीन पुस्तके

गेल्या सुट्टीत मी तीन पुस्तके वाचली. “असली पुस्तके वाचून काय मिळते?” असे अब्बांनी विचारले. माझे मत मी येथे सांगतो.

पहिले पुस्तक इब्ने सफी यांच्या ‘जासूसी दुनिया’ या उर्दू मालिकेतले. ही मालिका १९५२ साली अलाहाबादला सुरू झाली. तिच्यातील फरीदी लहानसहान खुणांवरून गुन्हेगार शोधतो. पुराव्याशिवाय कोणावर आळ घेऊ नये, हे त्यातून कळते.

दुसरे पुस्तक मेरी शेली यांचे ‘फ्रँकेन्स्टाइन’. ते १८१८ साली लंडनमध्ये छापले गेले. एक शास्त्रज्ञ माणसासारखा प्राणी घडवतो आणि त्याचे भेसूर रूप पाहून पळून जातो. लोक त्या प्राण्याला दगड मारतात. फक्त एक आंधळा म्हातारा त्याच्याशी प्रेमाने बोलतो. मला आधी भीती वाटली, मग त्याची कीव आली. तो मुळात दुष्ट नव्हता. लोकांच्या तिरस्काराने तो दुष्ट झाला.

तिसरे पुस्तक ओरिगामीचे, म्हणजे जपानी कागदकामाचे. चौकोनी कागदाला कात्री न लावता, नुसत्या घड्या घालून सारस पक्षी करता येतो. हे पुस्तक वाचून भागत नाही. हात चालवावे लागतात.

तिन्हींत मला दुसरे अधिक आवडले. चेहरा पाहून कोणाला वाईट ठरवू नये, हे उपदेशाने नाही, त्या गोष्टीने मला पटले. मित्रांनो, तुम्हीही ती जरूर वाचा.