केसपेपरची मागची बाजू

डॉक्टरने लिहावे की नाही, याबद्दल धुळ्यात दोन पक्ष आहेत. एक म्हणतो, लिहायला वेळ मिळतो त्या अर्थी दवाखाना चालत नसणार. दुसरा म्हणतो, दवाखाना चालत नाही म्हणूनच लिहीत असणार. तिसरा पक्ष माझा. त्यात मी एकटाच आहे, सौ. तटस्थ आहे.

पहिल्या दोन्ही पक्षांना इतिहासाचा भक्कम पाठिंबा आहे, हे मान्य केले पाहिजे. शेरलॉक होम्सचे जनक कॉनन डॉइल मुळात डॉक्टर. 1882 साली त्यांनी साऊथसी या गावी पाटी लावली आणि पेशंटची वाट पाहता पाहता गोष्टी लिहिल्या. 1891 साली लंडनला डोळ्यांचे डॉक्टर म्हणून जागा घेतली, तर तिथे, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एकही पेशंट फिरकला नाही. हा मजकूर मी एकदा सासरी, जळगावला, जेवता जेवता मोठ्या उत्साहाने सांगितला. शेवभाजीचा रस्सा वाढणारा सासूबाईंचा हात वाटीवरच थांबला. सासरे हळूच म्हणाले, "जावईबापू, सध्या रोजचे किती येतात?"

रशियाचे चेकॉव्हही डॉक्टर. वैद्यकी ही आपली लग्नाची बायको आणि साहित्य ही प्रेयसी, अशा अर्थाचे त्यांनी 1888 साली एका पत्रात लिहून ठेवले आहे. हे मी सासरी सांगितलेले नाही.

अक्षराचा प्रश्न वेगळाच. मी अजून हाताने लिहितो आणि संपादकांना सगळे टाइप केलेले लागते. पहिला लेख डीटीपीवाल्याकडे दिला, तेव्हा तो पोरगा अर्ध्या तासात कागद घेऊन दवाखान्याखालच्या मेडिकल स्टोअरमध्ये हजर. तेव्हापासून आमचे मेडिकलवाले अण्णा वाचतात आणि पोरगा टाइप करतो. जगात माझे अक्षर लागणारा हा एकच माणूस. त्यामुळे माझा पहिला वाचकही तोच आणि पहिला टीकाकारही तोच. एकदा माझी नायिका विरहाने व्याकूळ झाली होती. अण्णांनी सवयीने 'विरेचनाने व्याकूळ' असे वाचले, पोराने तसे टाइप केले आणि अंकात तसे छापून आले. नायिका इतकी खरी वाटली, असे कळवणारी तीन पत्रे आली. आधीच्या कोणत्याही नायिकेला एकसुद्धा आले नव्हते.

पण ही सगळी वरवरची दुखणी. मूळ दुखणे असे की, ज्याला गोष्टी शोधाव्या लागत नाहीत त्यालाच त्या लिहिता येत नाहीत. माझ्याकडे त्या रोज स्वतःच्या पायांनी चालत येतात आणि स्टुलावर बसतात. भारतीय वैद्यक परिषदेची 2002 ची नियमावली सांगते की, पेशंटचे गुपित डॉक्टरने फोडू नये. अपवाद मोजके आहेत : न्यायालयाने आदेश दिला तर, कुणाला गंभीर धोका असेल तर, किंवा रोग सरकारला कळवणे बंधनकारक असेल तर. मी ते कलम तीनदा वाचले. दिवाळी अंकाचा उल्लेख नाही.

यावर मी उपाय काढला तो स्थलांतराचा. धुळ्याचा पेशंट गोष्टीत जळगावला न्यायचा. ऐकायला सोपे वाटते, करायला नाही. धुळ्यातला माणूस पत्ता सांगतो तो 'गल्ली नंबर चार' असा. कॅप्टन ब्रिग्जने आखलेले गाव आमचे, सरळ रेषेतले. जळगावला नेताना ते नंबर काढावे लागतात. कापसाच्या जागी केळीची बाग द्यावी लागते. आणि मुख्य म्हणजे भाषा. "पोटमा दुखस" म्हणणारी अहिराणी बाई आसोद्या-भादलीत नेऊन बसवली, तर लेवा गणबोली बोलणारे ते अख्खे गाव तिच्याकडे वळून बघेल. बदलावे लागत नाही ते फक्त ऊन. मे महिन्यात दोन्हीकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला सारखाच चढतो.

एवढे करून जळगावहून फोन येतो, "ते मूळव्याधीचं तुम्ही आमच्या काकांवरच लिहिलं ना?" काका रागावलेले नसतात, त्यांना अंकाच्या पाच प्रती हव्या असतात. एकदा कंटाळून पेशंट अर्ध्या वाटेवर, पारोळ्यालाच उतरवला. पारोळ्याहून फोन आला.

सोपानदेव चौधरींचा मला फार हेवा वाटतो. आई जात्यावर बसून म्हणायची आणि मुलगा उतरवून घ्यायचा. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हते. 1951 साली त्या गेल्या आणि 1952 साली ते शब्द पुस्तक होऊन आले. कुणीतरी ऐकले आणि कागदावर धरून ठेवले, म्हणून ते राहिले. माझ्या टेबलासमोरही कधीकधी अशी एखादी ओळ येते की, वाटते, रक्तदाबाचे यंत्र बाजूला सारावे आणि आधी हे टिपून घ्यावे. केसपेपरची मागची बाजू कोरीच असते. मोह तिथे होतो.

एक म्हातारी येते, साक्रीकडची. दर पंधरा दिवसांनी पोट दुखते. तपासून झाले, सोनोग्राफी झाली, पोटात काही नाही. आधी भरभरून बोलायची. सुनेचे, विहिरीचे, मेलेल्या बैलाचे. मध्यंतरी तिच्या नातवाने तिला माझा फोटो कुठल्याशा अंकात दाखवला. पुढच्या खेपेस बाई स्टुलावर बसली ती गप्प.

"काय होतंय, आजी?"

"पोटमा दुखस."

"आणखी काही?"

तिने माझ्याकडे पाहिले नाही. माझ्या हातातल्या पेनाकडे पाहिले. मग म्हणाली, "तुम्ही लिखतस म्हणे?"

मी पेनाला टोपण लावले, ते ड्रॉवरमध्ये टाकले आणि ड्रॉवर बंद केला. तिने तो नीट बंद झाला की नाही हे वाकून पाहिले. मग बोलायला लागली. वीस-पंचवीस मिनिटे झाली. बाहेरच्या बाकावर खाकरणे सुरू झाले, कंपाउंडर दोनदा डोकावून गेला. मी एवढ्या वर्षांत ऐकलेल्या गोष्टींत त्या गोष्टीच्या तोडीची दुसरी नाही. ती कोणती, ते इथे येणार नाही. जळगावला नेऊनही नाही.

शेवटी तिने पदराने तोंड पुसले आणि "आता गोळी द्या" म्हणाली. मी पेन परत काढले आणि एक साधी गोळी लिहून दिली.

ती खाली गेली आणि दोन मिनिटांत अण्णा कागद घेऊन जिना चढून वर. "डॉक्टर, अर्धा तास बाई आत होती. एवढंच?" त्यांनी कागद उलटून मागची बाजू पाहिली, चष्मा वर करून पुन्हा पाहिली.

"एवढंच," मी म्हणालो. "पुढच्याला पाठवा."