भुसावळच्या अंगणातले पक्षिघर

गेल्या एप्रिलमध्ये ताईकडे भुसावळला जाण्याचा योग आला. धाकटी मुलगी सोबत होती. तिने पोपटासाठी घर डोक्यावर घेतले होते आणि दाजींकडे पक्षी आहेत हे तिला ठाऊक होते. कसारा घाट, मनमाड, चाळीसगाव करीत गाडी पोहोचली तेव्हा फलाटावर पाय ठेववत नव्हता, असे ऊन.

दाजी रेल्वेतून निवृत्त झालेले. घर दोन खोल्यांचे, पण मागे अंगण आणि जुना लिंब. त्याच्या सावलीत त्यांनी स्वतः पक्षिघर बांधले आहे. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, माणूस ताठ उभा राहील एवढे उंच. उंदीर-घुशी पोखरू नयेत म्हणून खाली काँक्रीट, बाजूंना अर्ध्या इंचाची जाळी. झाडावरच्या पक्ष्यांची घाण आत पडू नये म्हणून वर पत्रा आणि पत्रा तापू नये म्हणून त्यावर कडब्याचा थर. दारे दोन, एकामागे एक. पहिले लावल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. दुपारी जाळीवर ओले गोणपाट टाकतात, पाणी तीनदा बदलतात.

"मामा, पोपट कुठाय?" धाकटीने विचारले. दाजींनी वर लिंबाकडे बोट दाखवले. आपला हिरवा पोपट पिंजऱ्यात ठेवणे हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. घरोघरी पिंजरे टांगलेले दिसतात, ही गोष्ट वेगळी.

आत होते ते बजरिगर. हाही पोपटाच्याच कुळातला, पण चिमणीहून थोडा मोठा. मूळचा ऑस्ट्रेलियाच्या कोरड्या मुलखातला, थव्याने राहणारा. आपल्याकडे बाजारात यालाच लव्हबर्ड म्हणतात. खरा लव्हबर्ड आफ्रिकेतला, चोचीने जबर. या नावाच्या घोळात दाजी फसले. सगळे एकच समजून त्यांनी खऱ्या लव्हबर्डची जोडी बजरिगरांत सोडली. तिसऱ्या दिवशी एका मादीच्या पायाची दोन बोटे गेली. ती लंगडी अजून आहे. धाकटी सारा वेळ तिच्यासमोरच बसली होती.

पुढे बाजारातून आणलेला एक नर तसाच आत सोडला. आठवड्यात तो मेला, पाठोपाठ घरचे तीन. ताई म्हणाली, "दोन दिवस जेवले नाहीत हे." तेव्हापासून नवा पक्षी तीस दिवस पुढच्या खोलीत राहतो. त्याची भांडी वेगळी, आणि त्याचे दाणापाणी सर्वांत शेवटी, म्हणजे हातावरून रोग अंगणात जात नाही. मग आठवडाभर त्याचा पिंजरा जाळीला लागून ठेवतात. एकमेकांना पाहू देतात, ऐकू देतात.

आम्ही होतो तेव्हाच एका नव्या जोडीचा आठवडा भरला. दुसऱ्या दिवशी उजाडताच दाजींनी आतल्या बसायच्या काठ्यांच्या जागा बदलल्या. जुन्यांनाही घर नवे वाटले की हक्काची भांडणे कमी होतात. राळ्याच्या दोन वाट्यांच्या जागी चार ठेवल्या, लांब लांब. घरट्याची मडकी तर आधीच काढली होती. मडक्यापायी माद्या एकमेकींना रक्त येईपर्यंत चावतात. मडकी पुन्हा लावायची तेव्हा जोड्यांपेक्षा जास्त आणि सगळी एकाच उंचीवर, कारण वरचे मडके सगळ्यांनाच हवे असते. संध्याकाळी मात्र नवे पक्षी कधी सोडायचे नाहीत. दाणा कुठे, पाणी कुठे, हे कळायच्या आत अंधार पडतो.

पिंजऱ्याचे दार उघडले. नर उडाला. मादी बराच वेळ तिथेच. बाहेर आली तशी तपकिरी नाकाची एक जुनी मादी अंगावर धावली. धाकटीने माझा हात घट्ट धरला. दाजी म्हणाले, "थांबा, एवढे चालते. पाय धरला तर सोडवायचे." दोनदा हुसकावले, तिसऱ्यांदा नवीने चोच उघडून उत्तर दिले आणि जुनी बाजूला सरकली. दाजी दुपारपर्यंत तिथून हलले नाहीत. जेवणाचे ताट ताईने अंगणातच आणून दिले.

परतीच्या गाडीत धाकटीने पोपटाचे नाव काढले नाही. आमची गॅलरी किती फूट आहे, एवढेच इगतपुरी येईपर्यंत दोनदा विचारले. तीन फूट आहे. तिथे कपडे वाळतात आणि पाण्याचे पिंप असते.